मऊ, घट्ट, टिकाऊ

"तोंड नको दखाडू, तळवा दखाड."

गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढलं की अक्कांचं हे पहिलं वाक्य. धुळ्यात मैदानामागच्या गल्लीत त्यांचं बुटांचं दुकान होतं. पोलीस भरतीसाठी खेड्यापाड्यांतून आलेली पोरं तिथे यायची आणि आत पाऊल टाकण्याआधीच रंग सांगायला लागायची. "अक्का, त्या रीलमधला निळा दाखवा." अक्का वर बघायच्याच नाहीत. बोटाने बादली दाखवायच्या. पोरगं चप्पल काढून बादलीत पाय बुडवणार, मग काळ्या फरशीच्या पायरीवर ओलं पाऊल ठेवणार, आणि अक्का वाकून तो ठसा वाचणार. मे महिन्यात हे काम घाईचं असायचं. ठसा उमटतो न उमटतो तोच कडेने वाळायला लागायचा.

ठसा मधोमध तुटला तर पायाला कमान आहे. अख्खाच्या अख्खा उमटला तर पाय सपाट. मग पुढचा प्रश्न. "जुनी चप्पल उलटी कर." चप्पल कुठे झिजली ते त्या अंगठ्याने चाचपायच्या. मग तिसरा, पळतोस कुठे याचा. "पयस कोठे? डांबरवर का मातीमा?"

एवढं झाल्यावर कुठे त्या खोक्यांकडे वळायच्या.

अक्कांचं घराणं मूळ राजस्थानातलं, जैन. घरात मारवाडी, फोनवर हिंदी, गिऱ्हाइकाशी अहिराणी. चामडं विकायचं नाही असा सासऱ्यांचा दंडक, म्हणून दुकानात नुसतं कापड आणि रबर. आधी शाळेचे पीटी शूज असायचे, पुढे भरतीची पोरं वाढली तसे पळायचे बूट आले. नवरा गेल्यावर मुलगा जळगावला धंद्यात गुंतला आणि दुकान अक्कांकडे राहिलं. त्या स्वतः आयुष्यात कधी पळाल्या नसतील. पायात कायम रबरी चप्पल, साडीला पिन, आणि सूर्य मावळायच्या आत जेवायचं म्हणून सव्वासहाला, हिवाळ्यात त्याहून आधी, शटर अर्धं खाली. मैदानावरून उशिरा येणाऱ्या पोरांना हे माहीत होतं. अख्ख्या धुळ्यात बूट घ्यायलाही पळत यावं लागायचं असं हे एकच दुकान होतं.

मी पत्रकं लिहिते. भरतीच्या पोरापोरींची आमची एक समिती आहे. मैदानावर धड धावपट्टी नाही, म्हणून पोरी पहाटे ट्रकच्या रस्त्यावर पळतात, आणि याची कुणालाही लाज वाटत नाही. हे मी तेव्हाही लिहीत होते, आजही लिहिते. पत्रकात "कदाचित" लिहायचं नसतं, असं आम्हाला शिकवलेलं आहे. जे म्हणायचं ते ठोकून म्हणायचं. अक्कांच्या दुकानात मी पहिल्यांदा गेले ती गिऱ्हाईक म्हणून नाही, पत्रकांचा गठ्ठा ठेवायला.

"ठेव," म्हणाल्या. आठवड्याने गेले तर गठ्ठा संपलेला. मला बरं वाटलं. मग पाहिलं तर मांडणीवरच्या एकेका बुटाच्या नाकात आमच्या मागण्या कोंबलेल्या होत्या.

"अक्का, हे वाटायला दिले होते."

"तुना कागद चांगला शे," त्या म्हणाल्या. "ओल पेस. बूटना आकार ऱ्हास."

मी भांडायला तोंड उघडलं, तर त्यांनी बादलीकडे बोट केलं.

माझा ठसा अख्खा उमटला. सपाट पाय. त्या वर्षी माझी शेवटची भरती होती, पुढच्या वर्षी वय निघून जाणार होतं. आठशे मीटर मी रोज पळत होते आणि रोज संध्याकाळी नडगी धरून बसत होते. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. अक्कांनी माझी चप्पल उलटी केली, आतल्या कडेला झिजलेली टाच पाहिली आणि विचारलं, "नडगी दुखस ना?"

त्यांनी माझ्यासमोर तीन बूट मांडले. एक नारंगी, ढगासारखा. बोट दाबलं की आत जायचं. दुसऱ्याचा तळ असा जाड की दोन वर्षं झिजणार नाही. तिसरा राखाडी, टाचेला दोन्ही बाजूंनी कडक, सरकारी कपाटासारखा दिसणारा. प्रत्येक बूट त्यांनी ओला फडका पिळतात तसा पिळून दाखवला. नारंगी पिळला गेला. राखाडी हलला नाही.

"मऊ, घट्ट, टिकाऊ," तीन बोटं वर करून त्या म्हणाल्या. "बठ्ठं एकाच बूटमा भेटत नही. दोन ले, एक सोड."

"मला नारंगी पाहिजे."

"तो मऊ शे. मऊवर तुना पाय अजून आत पडी. तू घट्ट ले, टिकाऊ ले. मऊ सोड."

"पळायचं मला आहे, अक्का."

"म्हनीसन सांगस."

अर्धा तास आमचं हे चाललं. शेवटी एक पोरगा मागून म्हणाला, "ताई, तुम्ही कलेक्टरचंही ऐकत नाही, पन इथे ऐका." मी राखाडी घेतला.

पैसे घेताना अक्कांनी एकच गोष्ट बजावली. तीन आठवडे रोज घाल. दळण आणायला जाशील तरी हाच घालून जा. घट्ट बूट पायाला ओळखतो तेव्हा कामाचा, आधी चावतो.

आणि मी काय केलं ते आता लिहिते.

मी तो बूट घेऊन पारोळ्याकडे माझ्या गावी गेले. आईने खोकं उघडलं, बुटांच्या नाकावर हळदकुंकू लावलं, खोकं बंद केलं आणि कोनाड्यात ठेवलं. "त्या दिवशीच घाल," म्हणाली. तुम्ही आमच्याकडचे असाल तर तुम्हाला यात काही वावगं वाटणार नाही. आमच्याकडे नवी वस्तू मोठ्या दिवसासाठी ठेवतात. नवा कपडा सणाला, नवं भांडं पाहुण्याला. मी खोकं तसंच बंद धुळ्याला आणलं; तिथे माझ्या खोलीवरच्या चारही पोरींचे नवे बूट असेच खोक्यात होते. आम्ही फाटके घालून सराव करायचो आणि रात्री झोपताना खोक्याकडे बघायचो.

चाचणीच्या दिवशी पहाटे मी बूट घातला. पहिला अर्धा फेरा छान गेला. पाय आत पडत नव्हता, नडगी गप्प होती. अक्कांचं बरोबर आहे, हे मला पळताना कळलं, तेही मी लिहायला पाहिजे. मग टाच घासायला लागली. शेवटच्या वळणावर फोड फुटला, मोजा ओला झाला, आणि ज्या पोरींना मी रोज मागे टाकत होते त्या एकेक करून पुढे गेल्या. मी लंगडत रेघ ओलांडली. तेवढ्या वेळेत पोलिसाची वर्दी माझ्या आयुष्यातून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी बूट अक्कांच्या काउंटरवर आपटला. दुकानात चारपाच पोरं होती. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. तुम्ही माझं वाटोळं केलं, एवढं आठवतं.

अक्कांनी बूट उचलला. उलटा केला. तळावरून अंगठा फिरवला आणि मधल्या खोलगट भागात थांबवला. तिथे किमतीचं स्टिकर जसंच्या तसं चिकटलेलं होतं. चाचणीच्या आठशे मीटरांत ते निघालं नव्हतं, पण बूट आठवडाभर जरी रस्त्यावर घातला असता, तरी त्याचे कोपरे उडाले असते. त्यांनी ते पाहिलं. त्यांनी पाहिलं, हे मी पाहिलं. पोरं माझ्या तोंडाकडे बघत होती.

अक्कांनी बूट परत माझ्या हातात दिला, तळ माझ्याकडे करून, पोरांना दिसणार नाही असा.

"पायले हळद लाव," म्हणाल्या. "आन घरी जाय."

एवढंच. मला त्या शांतपणाचा जास्त राग आला. घरी जाऊन मी पत्रक लिहिलं. भरतीच्या पोरांची फसवणूक थांबवा. गोड बोलून जड बूट गळ्यात मारणाऱ्या गल्लीतल्या दुकानापासून सावध राहा. नाव घातलं नाही, पण मैदानामागे बुटांची दुकानं होतीच किती? पत्रक चांगलं उतरलं होतं. वाक्यं छोटी, शब्द टोकदार. दोन दिवसांत ते सगळ्या अभ्यासिकांच्या ग्रुपवर फिरलं.

पोरं मोबाईलवरून बूट मागवायला लागली. तशी ती आधीही मागवत होती, मला सोयीचं म्हणून मी हे स्वतःला पुष्कळदा सांगितलं. पण पायरीवरची बादली कोरडी पडलेली मी येताजाता बघत होते. रस्ता बदलून जात होते आणि तरी बघत होते.

चार महिन्यांनी गल्लीतल्या शिंप्याने सांगितलं की अक्कांचा मुलगा दुकान बंद करतोय, आज माल भरताहेत, अक्का जळगावला जाणार. मी गेले. सांगायचं ठरवूनच गेले. वाक्यही तयार होतं. अक्का, बूट खोक्यात ठेवला होता, चूक माझी होती. आठच शब्द. मी चौकात भोंग्यावरून तासतास बोललेली आहे.

दुकानभर बूट सांडलेले होते. मुलगा टेम्पोवाल्याशी बोलत होता. अक्का जमिनीवर बसल्या होत्या, पाय पसरून. मला पाहून त्यांनी बाजूची जागा हाताने झटकली.

"बस आठे. डावा उजवा लाव."

मी बसले. त्या एक बूट उचलायच्या, मी त्याचा जोडीदार शोधायचा. दुपार तशी गेली. मधे त्यांनी एक जोड पिळून पाहिला आणि "ती पोरगी राहती तर तिले बसता," असं स्वतःशीच म्हणाल्या. कुठली पोरगी ते मी विचारलं नाही. त्यांना गिऱ्हाइकांची नावं कधी आठवत नसत, पाय आठवत.

एका बुटाच्या नाकातून मी कागद काढला. माझंच पत्रक. ते दुसरं, दुकानाविरुद्धचं. मी उलगडलं, वाचलं, आणि परत चुरगाळून होतं तिथे कोंबलं. अक्का माझ्याकडे बघत होत्या. आता बोलायचं, असं मी ठरवलं.

"अक्का."

"हं."

"हा जोड आठ नंबरचा आहे. इकडे सात आलाय."

त्यांनी हात पुढे केला. मी बूट दिला.

सव्वासहा झाले. मुलगा म्हणाला, "मां, जीम लो, सूरज डूब रियो है." अक्का गुडघ्यावर हात टेकून उठल्या, माझ्या पायाकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "आते पयस का नही?"

"नाही."

"पयाले वय नही लागत," म्हणाल्या, आणि आतल्या जिन्याने वर घरी गेल्या. मी शटरपाशी उभी राहिले. त्या जेवून खाली येतील असं मला वाटलं होतं. मुलाने हात जोडले, शटर ओढलं.

मग दिवाळीच्या आधी शिंप्यानेच सांगितलं की अक्का जळगावला गेल्या. म्हणजे वारल्या. हे त्याने कापड कापता कापता सांगितलं. मी विचारलं, कशाने. तो म्हणाला, "वय झालं होतं, ताई. अन तिकडे करमत नव्हतं म्हने."

मी आजपर्यंत पुष्कळांविरुद्ध पत्रकं काढली. या हिवाळ्यात पहिल्यांदा स्वतःविरुद्ध काढलं. खोकं, कोनाडा, हळदकुंकू, स्टिकर, सगळं लिहिलं. समितीतले म्हणाले, कशाला, कोण विचारतंय आता. मी म्हटलं, मी विचारतेय. सकाळी मैदानावर उभी राहून वाटलं.

पोरं घेत होती, घडी करून खिशात टाकत होती. एक शिंदखेड्याकडची पोरगी थांबली, नवीनच आलेली. तिने मात्र उभ्याउभ्या पूर्ण वाचलं.

"ताई, ह्या अक्का कोन?"

मी सांगायला लागले. बादलीपासून सुरुवात केली. ती दोन वाक्यं ऐकून म्हणाली, "मंग दुकान कोठे शे?"

"बंद झालं."

"मंग काय उपेग," ती म्हणाली. रागाने नाही, नुसतं म्हणाली. पत्रक पाण्याच्या बाटलीखाली ठेवलं आणि पळायला गेली.

मी बघत राहिले. वजनाने जड होती, पण पळण्यात जीव होता. दुसऱ्या फेऱ्याला तिचा डावा घोटा आत पडायला लागला. लांबूनही दिसत होतं. मी हाक मारून तिला बोलावलं, बूट काढायला लावला, उलटा केला. टाच आतल्या कडेने पार घासली होती.

"नडगी दुखते ना?" मी विचारलं.

तिचे डोळे मोठे झाले. "तुमले कसं समजनं? परीक्षा येई राह्यनी. मंग कोनता लेऊ, ताई?"

मी बूट पिळून पाहिला. टाच दोन बोटांत धरून दाबली, परत दाबली. ती कडक होती की पुरेशी कडक नव्हती, ते मला कळेना. तिच्या वजनाला मऊ लागेल का घट्ट, आणि तिन्हींतली दोन घ्यायची तर सोडायचं कोणतं, तेही कळेना. पोरगी माझ्या खांद्यावर हात ठेवून एका पायावर उभी होती, वाट बघत.