अकराव्या नंबरचा माणूस

सिंगापुरात क्लेमेंटी भागातल्या एका पोस्ट-डॉक जोडप्याच्या फ्लॅटवर आम्ही मराठी मंडळी महिन्यातून एकदा जमतो. एकाने बोलायचं आणि साबुदाणा वडे तळून होईपर्यंत बाकीच्यांनी ऐकायचं, असा शिरस्ता आहे. माझी पाळी आली तेव्हा मी विषय घेतला व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या एका व्यावसायिक क्रिकेटपटूचा. तो इतका अप्रसिद्ध होता, की मी काहीही ठोकून दिलं तरी कुणी खोडून काढणार नव्हतं. विषय निवडताना मी हे आधी बघतो.

विषय ठरला आणि पुण्याहून सासरे आले. सासऱ्यांनी तरुणपणी राज्याच्या संघातून एकच सामना खेळला, शून्यावर बाद झाले, पुन्हा बोलावणं आलं नाही. त्या शून्याची थट्टा सासरी अजून चालते.

"तुझा तो माणूस दोनच मॅच खेळलाय ना?" बायकोने मला बजावलं. "बाबा समोर बसणार आहेत. ते हसतात सगळ्यांबरोबर, पण मग दोन दोन दिवस गप्प असतात. उगाच विनोद करू नकोस."

मी शब्द दिला. शब्द द्यायला माझ्याइतका तत्पर माणूस सिंगापुरात नसेल.

सुरुवात गंभीरपणे केली. हा क्लबाचा पगारी नोकर. साहेबलोकांच्या सरावासाठी दिवसभर चेंडू टाकायचे, हे काम. मैदानात उतरायचं दारसुद्धा साहेबांचं वेगळं, याचं वेगळं. कधीतरी काउंटीच्या संघात वर्णी लागली, दोन सामने खेळला, संपलं. तेवढ्यात समोरच्या विद्यार्थ्याने जांभई दिली. श्रोत्याची जांभई दिसली की माझा तोल जातो.

"चारही डावांत मिळून याने जेवढ्या धावा काढल्या," मी म्हणालो, "त्याहून जास्त तो पॅव्हेलियनकडे परत येताना धावला असेल!"

हशा पिकला. मग मी थांबतोय कसला! त्याच्या एकेका शून्याचं मी साग्रसंगीत वर्णन केलं. स्वयंपाकघराच्या दारात झारा घेऊन उभी असलेली बायको तेवढी हसत नव्हती. सासरे हसत होते, सगळ्यांबरोबर. मग त्यांनी हात वर केला.

"जावईबापू, हा बॅटिंगला कितवा यायचा?"

"अकरावा."

"आणि नोकरी कसली?"

"बोलिंगची."

"मग धावा काय मोजत बसलात? विकेट किती काढल्या त्याने?"

मला माहीत नव्हतं. महिनाभर त्या माणसाचे धावफलक चाळले, पण नजर सगळी धावांवर. आपल्याकडे बोलरचं कौतुक बॅट्समन चहाला गेल्यावर! सगळ्यांसमोर फोन काढून शोधलं. पहिल्याच सामन्यात पाच, आणि त्यांत समोरचा कप्तानही होता.

"मग चांगला खेळला की," सासरे म्हणाले आणि वडा घेऊन खिडकीशी जाऊन बसले.

परतताना एमआरटीच्या गाडीत ते गप्प. बायकोही गप्प, पण तिचं गप्प बसणं माझ्यासाठी होतं. शेवटी मीच विचारलं, "बाबा, तुमच्या मॅचमध्ये तुम्ही विकेट किती काढल्या?"

बायकोने कोपर मारलं. मग तीच म्हणाली, "खरंच बाबा, किती हो?"

"एक," ते म्हणाले. "पण कशी काढली, ते कुणी विचारत नाही."

"कशी?"

त्यांनी पिशवीतून संत्रं काढलं.

"बाबा, इथे खायचं नसतं, दंड करतात!" बायको म्हणाली.

"खातंय कोण? ही शिवण समज. बोटं अशी, दोन्ही बाजूंना. आता तो बॅट्समन पुढे येऊन खेळणारा होता..."

सेरंगून आलं. आमचं स्टेशन. दारं उघडली, मिटली, कुणी उठलं नाही. पुंगोलला, शेवटच्या स्टेशनवर, उतरून आम्ही उलट्या गाडीची वाट बघत उभे राहिलो, तेव्हाही तो बॅट्समन बाद व्हायचा होता. बाबांची अजून फील्डिंगच लावून झाली नव्हती.