सीटची नाळ

काशादादांबद्दल बोलायचं मी आजवर टाळलं. घरात जुन्या ठाण्याच्या आठवणी निघतात तेव्हा मी तळ्याचं सांगतो, शाळेचं सांगतो, आणि सायकलींचा विषय आला की पाणी प्यायला उठतो. आता ऐंशी उलटली. अजून किती वेळा उठणार?

चेंदणी कोळीवाड्याच्या तोंडाशी काशादादांचं सायकलचं दुकान होतं. नवीन गिऱ्हाईक आलं की ते त्याला आधी सायकल दाखवत नसत. दारात एक पसरट खोका होता, त्यात ओली रेती, रेतीवर मेणकापड. "बस त्याच्यावर," म्हणायचे. माणूस इकडेतिकडे बघत, लाजत बसायचा. उठला की मेणकापडाखाली रेतीत दोन खळगे उमटलेले असत. त्यांच्यामधलं अंतर काशादादा बोटांनी मोजत आणि त्या मापाची सीट शोधायला आत जात.

"मानूस हाडांवर बसतो, मासावर नाय," ते सांगत. "मधलं मास दाबलंस की मुंग्या आल्याच."

ते मूळचे होडीवरचे. दोरखंडात सापडून डाव्या हाताची दोन बोटं गेली तेव्हा होडी भावाकडे दिली आणि स्वतः पाने-पकडी हातात घेतल्या. "बारा वर्सं फळीवर बसून वल्हं मारलंय. कुठं काय दुखतं ते मना ईचार," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. सीटच्या पुढच्या टोकाला ते नाळ म्हणत, होडीच्या पुढच्या टोकाला म्हणतात तसंच. "होडीची नाळ वर पायजे, सीटची सपाट. ध्यानात ठेव."

लहानथोर सगळ्यांना अरे-तुरे. एका वकिलांनी सीटवर घालायला जाड गादी मागितली. काशादादा म्हणाले, "वकीलसायेब, गादीत हाडं बुडतात आनि मास चेपतं. तुला बसाचं हाय का निजाचं?" वकील हसले आणि साधी कातडी सीट घेऊन गेले.

मी गेलो तेव्हा स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली असतील. कोलशेतच्या बाजूला एका नव्या कारखान्यात मला कारकुनी मिळाली होती आणि लग्नाला जेमतेम तीन महिने झाले होते. मीही रेतीवर बसलो. काशादादांनी सीट बसवली, तिच्यावर पट्टी ठेवून नाळ सपाट आहे ना ते पाहिलं, माझी टाच पायडलवर टेकते का ते पाहिलं. "पंधरा दिवस बूड दुखंल, ते हाडांचं. ते जातं. पन मुंग्या आल्या तर गप बसू नको. मुंगी म्हंजे निरोप. उतर, चार पावलं चाल, आनि माझ्याकडं ये."

पहिल्याच आठवड्यात आमच्या कचेरीतला एक जण म्हणाला, "अरे, तू सायकलवर बसतोस की पाटावर?" सगळे हसले. मला ते लागलं. त्याच संध्याकाळी शेजाऱ्याचा पाना आणून मी सीट चांगली चार बोटं वर घेतली, ऐटबाज दिसावं म्हणून. मग पुढे घसरायला होऊ लागलं, म्हणून नाळही वर केली. कोलशेतचा रस्ता तेव्हा खडीचा. आठ दिवसांत मुंग्या यायला लागल्या. मी उतरलो नाही. पुढे मुंग्याही येईनाशा झाल्या, नुसतं बधिर. घरी बायकोला काय सांगू? मी जेवण झालं की भिंतीकडे तोंड करून झोपू लागलो. ती बिचारी समजली की मला ती आवडत नाही.

शेवटी डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "थोडे दिवस सायकल बंद. बरं होईल." तसं झालंही; तेवढे दिवस सायकल कारखान्याच्या फाटकाशीच उभी होती, सीट तशीच. पण त्या दिवसांतली भीती रागात बदलली होती आणि तो राग मला स्वतःवर काढायचा नव्हता.

त्याच सुमारास कारखान्याच्या फाटकाशी सायकलींच्या देखभालीसाठी एका मिस्त्रीला कायमची जागा द्यायची ठरलं. काशादादांना ती हवी होती. खाडीकाठचं दुकान ओलीनं गंजत चाललं होतं. साहेबांनी मला फाटकापाशी सर्वांसमोर विचारलं, "तुमची सायकल त्यांच्याकडचीच ना? माणूस कसा आहे?"

मी म्हणालो, "त्यांच्या सीटवर बसला की माणूस घरी निकामी होतो."

हशा पिकला. काशादादा तिथेच उभे होते. ते माझ्या सायकलपाशी गेले, सीटवर हात फिरवला.

"नाळ कोनी वर केली रं?"

"तुम्हीच," मी म्हणालो. "आली तेव्हापासून अशीच आहे."

त्यांनी सीटखालच्या नटावर अंगठा घासला. माझ्या चुकीच्या मापाच्या पान्यानं त्याचे कोपरे सोलले होते. ते ताजे ओरखडे त्यांना दिसले, मला दिसले. एक शब्द बोलले असते तर मी तोंडावर पडलो असतो. त्यांनी खिशातून पाना काढला, नाळ सपाट केली, सीट खाली घेतली. "आता बस," म्हणाले आणि निघून गेले.

जागा दुसऱ्याला मिळाली. माझा विनोद मात्र ठाणेभर फिरला. पोरं त्यांना 'मुंग्यादादा' म्हणून चिडवू लागली. नवी लग्नं झालेली माणसं त्या दुकानावरून पुढे जाऊ लागली. दोन वर्षांत दुकानाला कुलूप लागलं.

पुढे मी डोंबिवलीला राहायला गेलो. माझ्या धाकट्या बहिणीला, सुमनला, कल्याणच्या एका शाळेत नोकरी लागली. तिच्यासाठी जुनी सायकल नीट करायला कल्याणात गेलो, तर एका छपराखाली तोच रेतीचा खोका. काशादादा म्हातारे दिसत होते. त्यांनी मला ओळखलं. सुमनला म्हणाले, "बाय, तू बस. माप तुझी काकी घेईल," आणि बायकोला हाक मारून स्वतः पाठ फिरवून उभे राहिले.

नाळेवर पट्टी ठेवताना त्यांनी मला विचारलं, "पोरं किती?"

"दोन."

"मग झालं की!" ते हसले. मोकळं हसले. "मुंग्या येतात का आता?"

"नाही."

जिभेवर आलं होतं. पण सुमन बाजूला उभी होती, आणि तिच्यासमोर मला लहान व्हायचं नव्हतं. "येतो दादा," एवढंच म्हणालो.

चार महिन्यांनी मुद्दाम एकटा गेलो. छपराखाली त्यांची बायको होती. रेती वाळली होती. "पावसाच्या आधीच गेले," ती म्हणाली. "तुमचं काय काम होतं?"

"काही नाही," मी म्हणालो.

काम होतं. एवढंच सांगायचं होतं: दादा, नाळ मी वर केली होती. मला माफ करा.