सवडीनुसार विचार व्हावा

अप्पांच्या नाकावर माशी बसलीच, तर ते तिला हाकलणार नाहीत, उठण्याची विनंती करतील, असं मावशी म्हणायच्या. चौतीस वर्षं हेडक्लार्क होते अप्पा. साहेबांच्या सहीची इंग्रजी पत्रं लिहायची, एवढंच काम. त्यात माणूस असा काही मुरला, की निवृत्त झाल्यावर दूधवाल्याशीसुद्धा अर्ज केल्यासारखा बोलायचा.

मावशी म्हणजे त्यांना सांभाळायला ठेवलेल्या बाई. सकाळी आठला यायच्या, संध्याकाळी जायच्या. आठवीपर्यंत शिकलेल्या, कामात तरबेज, तोंडाने फटकळ. अप्पांचा एकुलता एक मुलगा परदेशी. सुनेला मराठी येत नव्हतं, म्हणून अप्पांच्या तब्येतीचा रोजचा निरोप मावशींनी आपल्या फोनवरून दोघांना इंग्रजीत लिहून पाठवायचा, असं ठरलेलं.

पहिल्याच महिन्यात अप्पा न्हाणीघरात घसरले आणि मावशींनी लिहिलं, फादर फॉल, कम फास्ट. सून बिचारी मिळेल त्या विमानाने धावत आली. बघते तर सासरे खुर्चीत बसून पेपर वाचतायत! मग तिने मावशींना इंग्रजीत जे काही सुनावलं, ते अप्पांनी मराठी करून सांगितलं. तेही इतक्या गोड शब्दांत, की मावशींना वाटलं, आपलं कौतुकच चाललंय.

सून परत गेल्यावर अप्पांनी मावशींना शिकवायला घेतलं. रोज दुपारी चार वाजता चहा झाला की धडा. कोणाला ‘करा’ म्हणायचं नाही. ‘करता येईल का’ म्हणायचं, आणि त्याच्याही आधी ‘आपली हरकत नसेल तर’ लावायचं. मावशींना आधी हसू यायचं, मग गोडी लागली. औषध देताना म्हणायच्या, “अप्पा, वुड यू माइंड, जरा तोंड उघडता का?” अप्पा म्हणायचे, “नॉट अॅट ऑल,” आणि शहाण्या मुलासारखं उघडायचे. दोन वर्षं अशी बरी गेली.

मग अप्पांच्या किडन्यांनी हात टेकले. डॉक्टर घरी येऊन तपासून गेले. दारात मावशींना हळूच म्हणाले, “फार तर दहा दिवस. मुलाला बोलावून घ्या.” आतून अप्पा म्हणाले, “डॉक्टर, कान अजून शाबूत आहेत माझे. मुलाला मी कळवतो.”

मावशींनी लगेच लिहायला घेतलं, की अप्पांचे दिवस भरलेत, निघा. अप्पांनी फोन मागून घेतला, चष्मा लावून वाचलं आणि सगळं पुसून टाकलं.

“आयुष्यात कधी काही मागितलं नाही त्याच्याकडे,” ते म्हणाले. “आता गळ्यात पडू? घ्या लिहून.”

त्यांनी इंग्रजीत सांगितलं ते साधारण असं होतं: आपणास रजेची फार अडचण नसल्यास, सवडीनुसार इकडे एखादी फेरी करण्याचा विचार व्हावा, असे सुचवावेसे वाटते.

“अहो, पण दिवस कमी आहेत हे कुठे आलं यात?”

“आलं त्यात. वाचणाऱ्याला कळतं. आणि मावशी, माझ्या पाठीमागे वेगळं काही कळवायचं नाही. शब्द द्या.”

मावशींनी शब्द दिला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. सूचनेबद्दल आभार, वर्षअखेरीस नक्की जमवतो. वर्षअखेरीला अजून चार महिने होते. अप्पांनी ते दोनदा वाचून घेतलं. “चांगलं उत्तर आहे. चूक काढायला जागा नाही,” म्हणाले आणि त्या दिवशी धडा घेतला नाही.

पुढच्या आठवड्यात त्यांनी आणखी दोन निरोप सांगितले. दुसरा पहिल्याहून नम्र, तिसरा दुसऱ्याहून. रविवारी मुलाचा फोन आला, तेव्हा अप्पांनी सगळा जीव एकवटून “मी ठीक आहे” म्हटलं आणि सुनेची चौकशी केली. मावशी शेजारी उभ्या होत्या, मूग गिळून. मुलाचा नंबर त्यांना पाठ होता. घरी जाऊन स्वतःच्या फोनवरून दोन शब्द बोलता आले असते. नाही बोलल्या. शब्द दिलेला होता.

नवव्या दिवशी दुपारी अप्पा गेले. मुलाला डॉक्टरांनी कळवलं, एका वाक्यात.

मुलगा आला तो दोन दिवसांनी. अप्पांच्या खोलीत बसला आणि त्याने विचारलं, “तुम्हाला कधी कळलं होतं?”

“नऊ दिवस आधी.”

“नऊ दिवस? आणि मला सांगावंसं वाटलं नाही?”

मावशींनी फोन पुढे केला. ते तीन निरोप त्याने आधीही वाचलेले होते. आता पुन्हा वाचू लागला.

“टाइप मी केलंय, दादा. शब्द अप्पांचे.”

त्याने मान वर केली नाही. वाचता वाचताच म्हणाला, “मला वाटलं, तुम्हाला सुट्टी हवी असेल. म्हणून आडवळणाने सुचवताय. बाबा बोलावतायत, हे मला... मी त्याच दिवशी निघालो असतो, मावशी.”

‘अप्पा म्हणतायत’ एवढे साधे दोन शब्द मावशींनी एकदाही निरोपाच्या वर लिहिले नव्हते. अप्पांनी सांगितलं नाही, म्हणून लिहिलं नाही. सुनेच्या आणखी चार शिव्या खाल्ल्या असत्या तर काय बिघडलं असतं?

“शेवटी काही म्हणाले?” मुलाने विचारलं.

“सकाळी म्हणाले, त्रास होणार नसेल तर खाट जरा दाराकडे तोंड करून लावता येईल का.”

“लावलीत?”

“लावली,” मावशी म्हणाल्या. “तुम्ही येणार नाही, हे मला माहीत होतं, दादा. तरी लावली.”