बाबलदादाची झोप

शाळेसमोर बालरथाची बस उभी केली रे केली, की बाबलदादाची हनुवटी छातीवर टेकायची आणि घोरणं सुरू. मुलं खिदळायची. त्यांना चढवण्या-उतरवण्याचं काम माझं. मी हटकलं की एक डोळा उघडून म्हणायचा, "झोपाक नाय गो बाय, इचार करतंय."

पूर्वी तो मुळगावच्या खाणीवर ट्रक चालवायचा. खाण बंद पडल्यावर घरी बसून अंग सुटलं, शर्टाचं वरचं बटण लागेना. सकाळी यायचा तोच कपाळ दाबत. "रातभर निजलंय, तरी दगड फोडून इल्यासारख्या वाटता." लोक म्हणायचे, सुखी जीव, पडला की घोरतो. मीही म्हणायचे. चहाबरोबर दोन-दोन उंडे पाव खाल्ल्यावर झोप येणारच की!

रस्ताभर मी त्याला बोलतं ठेवायचे, चघळायला कोकमाची आंबट सोलं द्यायचे. असं वर्ष ढकललं. पहाटे पाचला उठून मीही थकलेली; दुसऱ्याच्या झोपेवर राखण तरी किती करायची?

एके दुपारी धारगळला हायवेवरून वळताना त्याचे डोळे मिटले. गाडी थेट गटाराकडे. मी किंचाळले, त्याने ब्रेक दाबला. देवाची कृपा, कुणाला खरचटलंही नाही. मुलं उतरल्यावर तो हात जोडून म्हणाला, "सांगा नको गो बाय. ह्या वयात माका दुसरा काम कोण देतलो?"

मी हेडमास्तरांना सांगितलं. गाडीत सव्वीस मुलं होती हो, काय करणार? पण घरी येऊन रडले.

त्याला गाडीवरून उतरवलं, डॉक्टरांचा कागद आणायला सांगितलं. सरकारी इस्पितळात म्हणाले, जाडेपणामुळे झोपेत श्वास अडत असणार, म्हणून झोप पुरी होत नाही; एक रात्र इथे झोपवून तपासू. तारीख महिन्यानंतरची मिळाली. त्या तारखेला आठवडा उरला असताना बाबलदादा सकाळी उठलाच नाही.

भेटायला गेले तर त्याची बायको म्हणाली, "मधीच घोरणा थांबायचा ना, तेव्हा माका वाटायचा, आता खंय ह्यांका बरी झोप लागली."

मी तोंड उघडलं ते मुलांसाठी. त्याच्यासाठी उघडायला अख्खं वर्ष होतं. 'दादा, डॉक्टरांकडे जा,' एवढं मला एकदाही सुचलं नाही.