काकूपासून वाचवलेला फोन

फोनच्या आतला उजेड ओळखणारा सेन्सर खरं बोलतो की थापा मारतो, हे तपासणाऱ्या काळ्या भिंतींच्या खोलीत ती काम करायची. सेन्सरवर कधी साधी काच चढवायची, कधी धुरकट, कधी दुधी प्लास्टिक, आणि दिवा कमानीवरून हळूहळू सरकवत न्यायचा. समोरून पडलेला उजेड सेन्सर नीट ओळखतो. दिवा बाजूला कलला की तोच शहाणा भर दुपारी संध्याकाळ झाल्याचं छातीठोकपणे सांगतो. कारखान्यात तिला सगळे कोनवाली म्हणत. लग्नाच्या बाजारात या विद्येला फारसा उठाव नव्हता, पण पोट भरत होतं.

आई दूर गावी. रजा मिळेपर्यंत भेट म्हणजे व्हिडिओ कॉल. आणि हल्ली आईचं एकच पालुपद, "तू दिसतच नाहीस गं. नुसता काळोख. दिवा लाव की."

घरातले होते नव्हते ते दिवे लावून झाले. काळोख हटेना. शेवटी तिने विचारलं, "फोनवर काही लावून घेतलंयस का?"

"काच लावलीय. बाजूने बघणाऱ्याला काही दिसत नाही, तसली. तुझी काकू सारखी मान लांब करून माझ्या खांद्याशी बसते."

कोनवालीने कपाळाला हात लावला. बाजूने येणाऱ्या काकूला अडवणारी काच बाजूच्या खिडकीतल्या उजेडालाही अडवत होती. आतल्या सेन्सरला दिसत होती फक्त समोरची आई आणि तिच्यामागची अंधारी भिंत. रात्र झाली असं समजून तो बिचारा पडदा मंद करत होता.

"काढून टाक ती."

"आणि काकू?"

"मग सेटिंगमध्ये जाऊन पडद्याचा उजेड..."

"तिथे मी पाऊल टाकायची नाही. मागे एकदा गेले, तर फोन परक्या भाषेत गेला. काकूकडूनच सरळ करून घ्यावा लागला. तेवढ्यात तिने सगळे मेसेज वाचले."

"बरं. टेबलावर छपरातल्या झरोक्याखाली आडवा ठेव. वर वाकू नकोस, खालच्या बाजूने बघ."

खुडबुड झाली.

"दिसलीस," आई म्हणाली. "वाळलीस. केस कापलेस, ते सांगितलं नाहीस."

इकडे पडद्यावर झरोका होता, थोडं छत होतं, आणि अगदी खालच्या कडेला आईचा पांढरा भांग. फोन जरा उभा धर, म्हणायला तिने तोंड उघडलं आणि मिटलं. उभा धरला की हिला आई दिसणार, आणि आईला पुन्हा काळोख. कारखान्यात अशा वेळी दोन मापं घेऊन सरासरी काढत. इथे सरासरी काढण्यासारखं काही नव्हतं.

"मी दिसते ना तुला?" आईने विचारलं.

"दिसतेस ना."

"मग नवा चष्मा कसा आहे?"

तिने झरोक्याकडे निरखून पाहिलं. "शोभतो तुला."

"आणि रंग?"

ती पडद्याच्या खालच्या कडेशी वाकून रंग शोधू लागली.

"राहू दे," आई म्हणाली. "तू हलू नकोस. मला बघू दे."

ती हलली नाही.