सगळ्यांच्या मागे कवळीकाका

कवळीकाकांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. बायको ‘अहो’ म्हणते, दातांचे डॉक्टर ‘लॅबवाले’ म्हणतात आणि मोटारसायकलवाल्यांच्या टोळीत ते कवळीकाका. धंदाच तसा. घराच्या तळमजल्यावर, खिडकीखालच्या लांब टेबलाशी बसून ते माणसांचे दात बनवतात. टेबलावर गुलाबी मेणाच्या पट्ट्या, प्लास्टरचे जबडे आणि एक छोटा दिवा. प्लास्टरची भुकटी भुवयांवर बसून बसून त्या नक्की कधी पिकल्या, हे काकूंनाही सांगता येत नाही.

नव्या कवळीबद्दल कुरकुर करत कुणी आलं, तर काका त्याच्या हातात आरसा देत नाहीत. पावाचा कडक तुकडा देतात. ‘आधी चावा,’ म्हणतात, ‘मग रडा.’

एवढं शांत काम करणारा हा माणूस सुट्टीच्या दिवशी भल्या थोरल्या गाडीवर बसून डोंगर पालथे घालतो, हे नव्या माणसाला खरं वाटत नाही. टोळीतल्या बहुतेकांकडे तीच गाडी, लांब पल्ल्याची, डांबर असो की खडी, सारख्याच तोऱ्यात जाणारी. प्रवासात काकांची जागा ठरलेली, सगळ्यांत शेवटी. कुणाचं चाक पंक्चर झालं, कुणाची क्लचची तार तुटली, कुणाचं पोट बिघडलं, की बाकीचे धुरळा उडवत पुढे जात आणि काका थांबत. पडलेली गाडी उचलून देत, माणसाला पाणी पाजत, त्याला आधी पुढे घालत आणि मग आपण निघत. पुढे राहण्यासाठी टोळीत भांडणं झाली आहेत. मागच्या जागेसाठी कधीच नाही.

टोळीचा एकच कडक नियम होता आणि तोही काकांनीच घातलेला. जी गाडी घेऊन निघायचं, ती सामानासकट जमिनीवर आडवी करायची आणि एकट्याने उभी करून दाखवायची. पूर्वी एकदा टोळीतला एकजण निर्जन रस्त्यावर स्वतःच्याच गाडीखाली पाय अडकून अर्धा दिवस पडून होता. तेव्हापासून हा नियम. उचलली तर चला, नाही तर घरी बसा.

या वेळच्या मोठ्या सफरीआधी मात्र काकांच्या उजव्या खांद्याने दगा दिला होता. आतला एक स्नायू फाटला होता. डॉक्टर म्हणाले होते, गाडी जपून चालवा, पण ओझं उचलू नका. काकांनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. गाडी उचलण्याच्या परीक्षेच्या सकाळी जाकिटाची बाही चढवताना त्यांचा हात अर्ध्यावरच अडकला. काकूंनी बाही वर ओढली.

“सांगणार आहात, की मी येऊन सांगू?”

“बघतो.”

“बघतो म्हणजे काय? बघून झालंय डॉक्टरांचं.”

“अगं, एकदा प्रयत्न करू दे. नाही जमलं तर आपण होऊन बाजूला होईन. मग तर झालं?”

“तुम्ही? आपण होऊन?” काकू हसल्या, पण त्यांनी जाकिटाची चेन गळ्यापर्यंत लावून दिली.

टोळी जमली होती आपल्यातल्याच टायरशेठच्या दुकानामागच्या अंगणात. दुकान बंद, शटर खाली, भिंतीला टायरांच्या उतरंडी. मधोमध टोळीतल्याच वकीलबाईंची नवी गाडी उभी होती. टोळीच्या त्याच लाडक्या गाडीचा, कंपनीने नखशिखांत बदललेला अवतार. तिच्याभोवती सगळे असे गोळा झाले होते, जणू घरात सून आली आहे आणि तोंड भरून कौतुक करायचं की नावं ठेवायची, हे अजून ठरायचं आहे.

टायरशेठचं मात्र ठरलेलं होतं. “जुनीचा गोल दिवा कसा, माणसासारखा बघायचा! हिला काय ही चोच? पोपट आहे का?”

“पोपट निदान बोलतो तरी,” वकीलबाई म्हणाल्या.

“ही पण बोलते की! हँडलवरचा तो पडदा बघा. ब्रेक मारायचा तरी तिची परवानगी.”

“परवानगी नाही हो, सूचना देते. घरी वहिनी देतात ना, तशी.”

“त्यांचं कुठे ऐकतो मी?”

“म्हणूनच गाडीला पडदा लावावा लागला.”

अंगण हसलं, पण टायरशेठ मागे हटणाऱ्यातला नव्हता. “आणि मागचं चाक फिरवणारा शाफ्ट काढून चेन घातली. आता मुक्कामाला पोचलं की आपण जेवायच्या आधी तिला तेल पाजा.”

“त्या शाफ्टचं वजन कोण वागवत होतं इतकी वर्षं? तुम्ही सहा फुटी आहात, तुम्हाला काय! मला विचारा.”

कुणी म्हणालं, सीट चांगली केली आहे. कुणी म्हणालं, सामानाच्या पेट्या फार मागे गेल्या. एकाने वाकून इंजिन बघितलं आणि काहीच न कळल्यासारखा सरळ झाला. शेवटी टायरशेठने दोन्ही हात वर केले. “काकांना विचारू. काका म्हणाले खेळणं, तर खेळणं. विषय संपला.”

काकांनी किल्ली मागितली. अंगणातून बाहेर पडून ते बाहेरच्या रस्त्याने दूर गेले, इतके, की वकीलबाई फाटकापर्यंत जाऊन बघून आल्या. परतल्यावर त्यांनी हेल्मेट काढलं आणि गाडीला एक प्रदक्षिणा घातली.

“दिसायला बरी नाही,” काका म्हणाले.

“ऐका!” टायरशेठ.

“अहो, पुढचं ऐका शेठ. पुढची काच उंच केलीय, पण वारा छातीवरून उचलून हेल्मेटवर आणून टाकते, कान किटतात. ती कुणीतरी दुरुस्त केली पाहिजे. बाकी, खडीवर जुनी आपल्याला ओढत नेते, ही विचारून नेते. वळणात मनात आलं की वळते. ज्याने ही बदलली, त्याने जुनी भरपूर चालवलेली आहे. उगाच बदलायचं म्हणून बदललेली नाही.”

टायरशेठने भिंतीशेजारच्या टायरला एक लाथ घातली.

मग परीक्षा सुरू झाली. एकेकाने गाडी आडवी केली, पाठ टेकवून, गुडघ्यात बसून, पायांच्या जोरावर मागे रेटत उभी केली. टायरशेठने उचलताना एवढा आवाज काढला, की शेजारच्या घराची खिडकी उघडली. काकांची पाळी आली. त्यांनी आपली जुनी गाडी हळूच झोपवली, हँडल वळवलं, पाठ सीटला लावली आणि रेटा दिला. गाडी वीतभर उठली. उजव्या हातातून हँडल सुटलं आणि ती परत खाली बसली. दुसऱ्यांदा वीतभरही उठली नाही.

काका तिथेच गाडीला टेकून बसून राहिले. चेहऱ्यावर घाम होता.

“खांदा गेलाय,” ते म्हणाले. “महिना झाला. सांगायला हवं होतं.”

टायरशेठ धावत आला. “अहो काका, तुम्हाला कसला नियम? तुमच्यामुळे नियम आहे! पडलीच तर आम्ही मेलोय का?”

“तुम्ही पुढे असता, शेठ.”



वकीलबाई पुढे आल्या. त्यांनी स्वतःची नवी गाडी काकांच्या शेजारी आडवी घातली. टायरशेठ “अहो, रंग! नवा रंग!” म्हणून ओरडला, त्यांनी लक्ष दिलं नाही. “काका, नियम काय आहे? जी घेऊन निघायचं, ती उचलायची. जिची कागदपत्रं आपल्या नावावर, ती असं कुठे म्हटलंय? ही उचला.”

“आणि तुम्ही?”

वकीलबाई काकांच्या जुन्या धुडाजवळ गेल्या. काकांनीच शिकवलं होतं तसं त्यांनी पाठ टेकवली, पाय रोवले, आणि इंच इंच मागे सरकत ते धूड उभं केलं. स्टँड लावून त्या वळल्या, तेव्हा त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. टायरशेठने आपल्या दोन्ही हातांकडे बघितलं आणि ते खिशात घातले.

आता काका नव्या गाडीपाशी बसले. ती पुरती आडवी झालीच नव्हती. दोन्ही बाजूंनी खाली उतरलेल्या पेट्रोलच्या टाकीच्या लोखंडी गार्डवर अर्धवट कलून राहिली होती. काकांनी डावा हात हँडलवर घेतला, उजवा कोपर फक्त पोटाशी धरला आणि पायांनी रेटा दिला. एकदा थांबले. श्वास घेतला. दुसऱ्या रेट्याला गाडी उभी राहिली.

टाळ्या झाल्या. टायरशेठने तर शिट्टी मारली. “झालं! काका मागे! चला, चहा काढा.”

“मागे नाही,” काका म्हणाले.

“म्हणजे?”

“स्वतःची उचलली, म्हणजे मला यायला हरकत नाही. मागच्याला दुसऱ्याची उचलावी लागते. तुमची ही म्हैस कलंडली, शेठ, तर मी शेजारी उभा राहून काय करू? तिला कवळी बसवू?” मग ते वकीलबाईंकडे वळले. “आत्ता जड गाडी कुणी उचलली, ते सगळ्यांनी पाहिलंय. मागची जागा तुमची. घ्याल?”

वकीलबाई एरवी कुणाचं वाक्य पुरं होऊ देत नाहीत. या वेळी त्यांनी नुसती होकाराची मान हलवली.

सफरीच्या सकाळी टोळी निघाली. काका नव्या गाडीवर, त्यांच्यामागे जुन्या गाडीवर वकीलबाई. घाटाच्या पहिल्याच चढावर काकांचा वेग सवयीने कमी झाला. ते कडेला सरकले आणि मागचीने पुढे जावं म्हणून हात हलवू लागले. मागची पुढे जाईना. काकांनी आणखी वेग कमी केला, ती आणखी मागे राहिली. शेवटी हॉर्न वाजला.

“काका!” वकीलबाई हेल्मेटची काच वर करून ओरडल्या. “वाट कुणाची बघताय? मी आहे इथे. व्हा पुढे!”

काकांनी मागे वळून पाहिलं. वकीलबाईंच्या मागे रस्ता रिकामा होता आणि त्या रस्त्यावर कुणी मागे राहिलं का, याची आता त्यांना काळजी नव्हती. त्यांनी मूठ पिळली. पुढच्या वळणावर टायरशेठ आरामात चालला होता. त्याच्या बाजूने चोचवाली गाडी सुसाट निघून गेली, तेव्हा त्याने दिलेली शिवी घाटात बराच वेळ घुमत होती, आणि काका तिच्याही पुढे गेले होते.