टीव्हीवरचा पिवळा गोल

पाय प्लास्टरमध्ये गेला तेव्हा आधी मला आनंदच झाला. समुद्रकाठच्या नवापूरहून बोईसरचा रोजचा हेलपाटा वाचला! तिथल्या तारापूर एमआयडीसीत टाक्या बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मी ड्रॉइंग काढते. शेठ म्हणाले, "घरूनच कर. फुकटचं व्हिडिओ कॉलचं ॲप आहे, त्यावर स्क्रीन दाखवायची." फुकट म्हटलं की शेठचा चेहरा उजळतो. ते ॲप चाळीस मिनिटांनी बंद पडायचं. मग पुन्हा लिंक, पुन्हा 'आवाज येतोय का?'. कारखान्याच्या ऑफिसात मात्र शेठनी हौसेनं मोठा टीव्ही लावला आणि त्यावर माझं ड्रॉइंग बघून मिस्त्री काम करू लागले.

मिस्त्री उत्तरेकडचे, कारखान्याजवळ सालवडला राहतात. माझ्या जन्माआधीपासून लोखंड कापतायत. चूक दिसली तर तोंडानं सांगायची नाही. कागदावर पिवळ्या पेंट मार्करनं गोल करायचा आणि तो माझ्या टेबलावर ठेवून निघून जायचं. मला त्या गोलाचा भारी राग यायचा, कारण तो बहुतेक वेळा बरोबर असायचा.

त्या दिवशी टाकीला मॅनहोल कापायचं होतं, म्हणजे साफसफाईला माणूस आत उतरतो ते भोक. दुसऱ्या दिवशी टाकी रवाना होणार होती. चुकीच्या जागी कापलं की टाकी भंगारात, आणि ड्रॉइंगवर सही माझी. पण मी चुकणारच नाही याची मला खात्री होती.

"मॅडम, ये देखिए," मिस्त्री म्हणाले. मागे ग्राइंडर किंचाळत होता.

"किधर?"

"जहाँ गोल किया है."

माझ्या स्क्रीनवर कुठलाच गोल नव्हता. मी ड्रॉइंग वर-खाली सरकवून शोधू लागले.

"अरे! गोल वहीं है, ड्रॉइंग भाग गया!"

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शेठच्या नव्याकोऱ्या टीव्हीवरच मिस्त्रींनी मार्कर चालवला होता आणि तो गोल मला इथे नवापूरला दिसेल म्हणून ते वाट बघत उभे होते. मी इतकी हसले की बोंबील साफ करणारी आई तशीच धावत आली. "काय झाला गो? पाय बरा हाय ना?"

हसून झाल्यावर मी चिडले. "मिस्त्री, ड्रॉइंग सही है, काटो!" म्हटलं, आणि तेवढ्यात चाळीस मिनिटं संपली.

पुन्हा जोडणी झाली तेव्हा मिस्त्री तिथेच होते. त्यांनी कापलं नव्हतं. "पहले जैसा लगाओ," ते म्हणाले. मी ड्रॉइंग मागे आणलं. "थोडा ऊपर... बस." मग मोबाइलवर टीव्हीचा फोटो आला.

गोल मॅनहोलभोवती होता आणि त्यातून शिडीही जात होती. गिऱ्हाइकानं शिडीची बाजू बदलायला सांगितली होती. मी शिडी हलवली आणि मॅनहोल तिथेच विसरले. शिडी नेमकी भोकाच्या तोंडावर! माणूस आत जाणार कसा, आणि आत गुदमरला तर त्याला बाहेर काढणार कसा?

"शेठ को बताया?"

"नहीं. वो तो कब से चिल्ला रहे हैं, काटो, काटो. मैंने बोला, काटने का गॅस खतम है. ड्रॉइंग आपका है, पहले आपको दिखाना था."

मला रडूच आलं. इतके दिवस मी या माणसावर उगाच चरफडत होते. मी नाक पुसलं, मॅनहोल टाकीच्या दुसऱ्या बाजूला घेतलं, दोनदा तपासलं आणि मिस्त्रींना दाखवलं. त्यांनी मान डोलावली.

इतक्यात शेठ ऑफिसात आले. "अरे, माझा टीव्ही! हे कोणी केलं?"

मिस्त्रींनी मार्कर खिशात टाकला.

"शेठ, माझ्यामुळे झालं ते," मी म्हणाले. "मॅनहोल मी चुकीच्या जागी दाखवलं होतं. मिस्त्री गप्प बसले असते तर टीव्ही नवा राहिला असता, पण टाकी भंगारात गेली असती."